शेजारच्या लॉटवर सहा घरं येणार म्हणतात, पिटिशनवर सही करू की नको?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल.

आम्ही सिएटलच्या पूर्वेकडच्या एका सबर्बमध्ये राहतो, ११ वर्षं झाली. १९६० च्या दशकातलं बसकं एकमजली घर, साधारण ९ हजार स्क्वेअर फुटांचा लॉट, मागच्या कुंपणाला लागून दोन उंच सीडर. घर घेताना जीव मेटाकुटीला आला होता, दोघांचे पगार, तिकडचा फ्लॅट विकून आलेले पैसे, सगळं त्यात ओतलं. चांगली शाळा आणि मुलींना खेळायला मागे जागा, एवढंच बघितलं होतं, झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं त्याचा नियम) हा शब्दही तेव्हा माहीत नव्हता.

आता शेजारचं घर एका बिल्डरने घेतलंय आणि गल्लीत बातमी अशी की ते पाडून तिथे सहा युनिट येणार, कारण लाइट रेलचं स्टेशन आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे (गेल्या वर्षी सुरू झालं) आणि स्टेटच्या नवीन कायद्यात स्टेशनजवळ तेवढी परवानगी आहे म्हणे. समोरच्या आजी सह्या गोळा करतायत. त्या ७८ वर्षांच्या, एकट्याच राहतात, आणि आमच्या पहिल्या हिवाळ्यात गाडी बर्फात रुतली तेव्हा फावडं घेऊन सगळ्यात आधी त्याच आल्या होत्या, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं मला फार जड जातंय. पिटिशनमध्ये लिहिलंय की आमचा भाग सिंगल फॅमिलीच (एका लॉटवर एकच घर) ठेवा.

माझी अडचण अशी की मला भीतीही वाटते आणि पटतही नाही. सहा घरं म्हणजे दहाबारा गाड्या, दुसऱ्या मजल्यावरून थेट आमच्या किचनमध्ये दिसणार, सीडरची मुळं त्या बाजूला गेलीयत त्यांचं काय. पण दुसरीकडे आईबाबा दरवर्षी सहा महिने येतात, त्यांच्यासाठी मागे एक छोटं घर बांधावं असं आमच्याच मनात आहे. थोरलीची टीचर रोज सव्वा तास गाडी चालवून शाळेत येते कारण इथे तिला घर परवडत नाही. मग मी कुठल्या तोंडाने सही करू? ज्यांच्याकडे असं काही झालंय त्यांनी खरं काय झालं ते सांगा प्लीज, नुसती मतं नकोत.

नकाशा:
अंगणवेल ताई, मी याच भागात प्लॅनिंगमध्ये काम करतो (तुमच्या गावात नाही), त्यामुळे आधी कायदा काय आहे ते सांगतो कारण निम्मी भीती अर्धवट माहितीने असते.

वॉशिंग्टन स्टेटने २०२३ मध्ये एचबी १११० (हाउस बिल) हा कायदा पास केला. ७५ हजारांवर वस्ती असलेल्या शहरांत घरांच्या जवळपास प्रत्येक लॉटवर चार युनिटना परवानगी द्यावीच लागते, आणि रेल स्टेशनसारख्या मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून पाव मैल चालण्याच्या अंतरात असाल तर सहा. स्टेशनपासून दूर असलात तरी सहापैकी दोन घरं परवडणाऱ्या दरात दिली तरी सहा होतात. आपल्या बाजूच्या शहरांना ३० जून २०२५ पर्यंत स्वतःचा कोड (बांधकामाचे नियम) बदलायचा होता, नाही बदलला तर स्टेटने लिहिलेला नमुना कोड आपोआप लागू होतो. म्हणजे काउन्सिलने तुमच्या पिटिशनला मान दिला आणि काहीच केलं नाही तरी सहा युनिट येतीलच, उलट त्या सहाबद्दल स्थानिक पातळीवर जे ठरवता आलं असतं तेही हातचं जाईल. सही करायची का हा तुमचा प्रश्न, पण त्या कागदाने शेजारचं काम थांबणार नाही एवढं नक्की.

मग हातात काय आहे तर सेटबॅक (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), उंची, लॉटचा किती भाग बांधकामाने झाकायचा, झाडं, कचऱ्याच्या डब्यांची जागा, ड्राइव्हवे एकच की तीन. यात एक अट आहे, एकट्या घराला जे नियम आहेत त्यापेक्षा कडक नियम या छोट्या युनिटना लावता येत नाहीत. म्हणजे सीडर वाचवायचा असेल तर झाडांचा नियम सगळ्यांनाच लावा असं मागावं लागेल, तुमच्या घरालाही तो लागू होईल, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पार्किंगचं म्हणाल तर स्टेशनपासून अर्ध्या मैलाच्या आत या युनिटसाठी पार्किंगची सक्ती शहराला करता येत नाही. बिल्डर तरीही थोडं देतात कारण विकत घेणारा मागतो.

अजून एक, आणि हे मी हिअरिंगमध्ये दरवेळी सांगतो. जुना कोड तसाच ठेवला असता तरी तो बिल्डर ते घर पाडू शकत होता आणि तिथे पाच हजार स्क्वेअर फुटांचं एकच घर बांधू शकत होता, तितकंच उंच, खिडक्या तुमच्या किचनकडेच, त्याविरुद्ध कुणी सह्या गोळा करत नाही. आपल्या पूर्वेकडच्या गावांत पंधरा वर्षं हेच चाललंय.

आणि आईबाबांच्या घरासाठी एचबी १३३७ बघा, तेही २०२३ चंच. एका लॉटवर दोन एडीयू (मुख्य घराच्या आवारातलं छोटं जादा घर), प्रत्येकी निदान हजार स्क्वेअर फुटांपर्यंत बांधू द्यावंच लागतं.

जुना_घरमालक:
इथे सगळे एकाच बाजूचे बोलणार हे दिसतंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी २२ वर्षं कॅलिफोर्नियात, बे एरियात. वर जे लिहिलंय ते कायद्याने बरोबर असेल पण राहणाऱ्या माणसाच्या बाजूने कुणी बघतच नाही.

पहिलं म्हणजे ही घरं परवडणारी असतात हा मोठा गैरसमज आहे. तुमच्या भागात जमिनीचा भाव एवढा आहे की सहातलं एक नवं टाउनहाउससुद्धा मिलियनच्या खाली मिळेल असं मला वाटत नाही, म्हणजे त्या टीचरबाई तिथे येणार नाहीतच, येणार तो दोन टेक पगारांचा जोडा. जुनं घर जे कुणीतरी भाड्याने देत होतं ते मात्र गेलं. दुसरं, लॉटवर सहा घरं बसतात हे एकदा ठरलं की जमिनीला तो भाव येतो, आणि एका कुटुंबाला तिथे साधं घर घ्यायचं तर बिल्डरशी स्पर्धा करावी लागते. तिसरं म्हणजे गटारं, पाण्याची लाइन, शाळेचे वर्ग, हे सगळं एकाएकी कोण वाढवणार? परवानगी स्टेट देतं आणि निस्तरायचं गावाने. स्टेटच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत बसलेल्या माणसाला आमच्या गल्लीचा उतार आणि पावसात तुंबणारी मोरी माहीत नसते, म्हणून निर्णय गावातच व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे एसबी ९ हा असाच कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला, एका लॉटचे दोन करून चार घरांपर्यंत. केवढा गाजावाजा. प्रत्यक्षात फारच थोडे अर्ज आले. पाच शहरं कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या जज्जने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढी भांडणं करून मिळालं काय?

आजींचा राग समजून घ्या. त्यांनी पन्नास वर्षं त्या गल्लीत काढली असतील, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मिनेसोटाकर:
@जुना_घरमालक दादा, तुमचा शेवटचा मुद्दा खूप बरोबर आहे पण एसबी ९ खाली घरं बांधली गेली नाहीत यावरून तो कायदाच नको असं कसं म्हणता येईल, का बांधली गेली नाहीत ते बघायला हवं. मी आर्किटेक्ट आहे, मिनिआपोलिसमध्ये हा सगळा खेळ जवळून बघितलाय.

डिसेंबर २०१८ ला आमच्या काउन्सिलने २०४० चा प्लॅन पास केला, जानेवारी २०२० पासून प्रत्येक लॉटवर तीन घरांना परवानगी. देशभर बातमी झाली. ट्रायप्लेक्स मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले. का तर तीन घरं करा म्हटलं पण बांधकामाचं क्षेत्र एका घराला जेवढं तेवढंच ठेवलं (आपल्याकडे एफएसआय म्हणतात तेच), मग त्याच पेटीत तीन किचन आणि तीन बाथरूम कोंबायचे, खर्च वाढतो, जागा तीच. शिवाय दोन युनिटपर्यंत घराचा साधा कोड लागतो, एकावर एक तीन झाली की मोठ्या बिल्डिंगांचा कमर्शियल कोड सुरू होतो, स्प्रिंकलर, आगीच्या भिंती, जिने, छोट्या बिल्डरला झेपतच नाही. माझ्याकडे एक जण आला होता, वडिलांचं घर पाडून दोघा भावांसाठी आणि आईसाठी तीन मजले करायचे होते, आकडे मांडून दाखवले तर बिचारा डुप्लेक्सवर आला आणि आई धाकट्याकडे बेसमेंटमध्ये. मला ते ड्रॉइंग करताना फार वाईट वाटलं. कायद्याने दार उघडलं होतं पण आत जिनाच नव्हता.

पण आमच्याकडे घरं आलीच नाहीत असं नाही. ती आली बसच्या मोठ्या रस्त्यांवर, वीस-वीस युनिटच्या आणि त्याहून मोठ्या बिल्डिंगांत, आणि पार्किंगची सक्ती काढल्यामुळे (आधी ट्रान्झिटजवळ, २०२१ मध्ये अख्ख्या शहरात). प्यू नावाच्या संशोधन संस्थेने आकडे काढले होते, २०१७ ते २०२२ मध्ये मिनिआपोलिसमधली घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी फक्त १ टक्का, उरलेल्या मिनेसोटात घरं ४ टक्के वाढली आणि भाडी १४ टक्के. त्यात दुसरी कारणंही असतील, कोविडमध्ये लोक शहर सोडून गेले वगैरे, पण एवढा फरक नुसता त्याने पडत नाही असं माझं मत.

आणि कोर्टाचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच झालं, पर्यावरणाच्या कायद्याखाली केस टाकून प्लॅनला स्थगिती आणली, शेवटी २०२४ ला लेजिस्लेचरने कायदा बदलून तो सोडवला. पर्यावरणाच्या नावाने! लोक गावात दाटीने राहिले नाहीत तर बाहेरची शेतं खाऊन सबर्ब पसरतात आणि प्रत्येक जण रोज चाळीस मैल गाडी चालवतो, ते कुठल्या पर्यावरणाच्या हिशोबात धरायचं?

नवीन टाउनहाउस महाग असतं हे खरंच आहे. पण तो दोन पगारांचा जोडा तिथे गेला नाही तर जातो कुठे, तर जुन्या स्वस्त घरावर टीचरपेक्षा जास्त बोली लावायला.

रेवा_पोर्टलंड:
अंगणवेल, तू मतं नकोत म्हणालीस म्हणून फक्त अनुभव लिहिते. ओरेगनचा असाच कायदा २०१९ चा, पोर्टलंडने ऑगस्ट २०२१ पासून लागू केला. इथे हुशारी ही केली की जितकी युनिट जास्त तितकं क्षेत्र थोडं वाढवून मिळतं, आणि एकट्या घराची साइझ मात्र आवळली. म्हणून आमच्याकडे फोरप्लेक्स खरोखर बांधले जातायत, आमच्या शेजारीच एक आहे.

बांधकामाचे १४ महिने अत्यंत वाईट. सकाळी सातला ठोकाठोकी, धूळ, माझा धाकटा तेव्हा तान्हा होता, मी रडकुंडीला यायचे. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून सांगते, बिल्डरकडून वेळा लिहून घे आणि त्याच्या सुपरवायझरचा फोन नंबर आधीच घेऊन ठेव.

नंतर मात्र भीती वाटली होती तसं काही झालं नाही. चार घरांत मिळून पाच गाड्या, त्यातलं एक आजोबा-आजी जोडपं गाडीच ठेवत नाही. खिडक्यांचं आम्ही आधीच बोललो होतो, प्लॅन परमिटला जायच्या आत, त्याने आमच्या बाजूच्या खिडक्या उंच आणि आडव्या घेतल्या, त्याला काहीच खर्च आला नाही. परमिट निघाल्यावर सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. एक झाड गेलं, ते जायला नको होतं, त्याचं मला अजून वाटतं.

सिएटलची_सई:
मी थोडं मागचं सांगते, कारण पिटिशनमध्ये 'सिंगल फॅमिलीच ठेवा' लिहिलंय आणि हा शब्द आला कुठून ते कळलं की सही करताना हात थोडा थांबतो.

१९१६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एल्मवुड भागात फक्त एका कुटुंबाच्या घरांना परवानगी असा नियम पहिल्यांदा आला. पुढच्याच वर्षी, १९१७ ला, सुप्रीम कोर्टाने लुइव्हिल शहराचा वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारा कायदा रद्द केला, म्हणजे 'काळ्यांनी इथे राहू नये' असं सरळ लिहिणं बंद झालं. मग 'इथे फक्त मोठ्या लॉटवर एकेकच घर' असं लिहायला तर कुणाची हरकत नव्हती. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमध्ये कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली आणि त्या निकालात जस्टिस सदरलँडने अपार्टमेंट इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलंय. बर्कलीच्या काउन्सिलने हे सिंगल फॅमिली झोनिंग संपवायचा ठराव केला तो २०२१ ला, १०५ वर्षांनी.

आणि आपल्या भागात? आम्ही घर रिफायनान्स करताना टायटलचे जुने कागद आले, त्यात १९४० च्या दशकातली अट होती की आशियाई वंशाच्या माणसाने या प्रॉपर्टीवर राहू नये, घरातला नोकर असेल तर चालेल. किंग काउंटीत अशा हजारो नोंदी आहेत, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने शोधून नकाशावर मांडल्यात. १९४८ पासून त्या अटी कोर्टात चालत नाहीत, पण मी तो कागद हातात घेऊन किचनमध्ये बराच वेळ नुसती बसून होते. ज्या गल्लीत आज आपण 'आमचा भाग' म्हणतो तिथे आपल्याला यायलाच बंदी होती.

आजी तशा आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण २०१९ ला सिएटलमध्ये राहण्याच्या जमिनीपैकी ८१ टक्के जमीन एकट्या घरांसाठीच राखून ठेवलेली होती, एवढ्या जमिनीला कुलूप लावल्यावर उरलेल्या पट्ट्यात भाडी वाढणार नाहीत तर काय होणार.

बायूकाठी:
ह्यूस्टनहून. आमच्याकडे झोनिंगच नाही हे सगळ्यांना माहितीये, पण लॉटची किमान साइझ होती, ५ हजार स्क्वेअर फूट. १९९८ ला लूपच्या (शहराच्या मधल्या रिंगरोडच्या) आत ती १,४०० पर्यंत खाली आणली आणि एका घराच्या जागी तीन-तीन टाउनहाउस उभी राहिली, २०१३ ला नियम बाहेरही नेला. हे राजकारणात टिकलं कारण ज्या ब्लॉकला नको असेल त्यांनी अर्ज करून आपल्यापुरती मोठी साइझ ठेवायची सोय दिली. म्हणजे आजींसारख्यांना म्हणायला जागा होती, पण स्वतःच्या ब्लॉकपुरतीच, अख्ख्या शहराला अडवता येत नव्हतं. मोरी तुंबायचा मुद्दा मात्र खरा आहे हं, पुराचं पाणी बघितलेला माणूस सांगतोय, जमीन काँक्रीटने किती झाकायची यावर भांडाच.

जुना_घरमालक:
सई, तो कागद वाचून मलाही बरं वाटलं नाही. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण रेवाने लिहिलं तसं बोलून खिडक्या ठरवता येत असतील तर मी लढाई तिथे करेन, घरं किती यावर नाही. आमच्याकडे असं बोलायचं कुणाला सुचलंच नाही, सरळ वकील केला होता आम्ही.

अंगणवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत होते.

सही केली नाही. पण नुसतं नाही म्हणून दार लावणं बरं वाटेना म्हणून काल संध्याकाळी आजींकडे गेले, म्हटलं तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते ते सांगा. त्या बराच वेळ गाड्यांबद्दल बोलल्या, मग म्हणाल्या की जिने चढवत नाहीत, लॉन कापायला माणूस लावावा लागतो, घर विकून लहान जागेत जायचंय पण या भागात लहान जागाच नाही आणि डॉक्टर, चर्च, मैत्रिणी सगळं इथेच. मी म्हटलं मग मागच्या वर्षी असं छोटं घर शेजारी असतं तर? त्या म्हणाल्या सहा फार होतात, तीन असते तर मी बघितलं असतं. त्यांनी पिटिशन मागे घेतलेलं नाही आणि मीही त्यांना घ्या म्हटलं नाही.

सीडरवर मात्र आमचं एकमत झालं. येत्या मंगळवारी काउन्सिलच्या हिअरिंगला दोघी जाणार आहोत, तीन-तीन मिनिटं मिळतात, त्या पार्किंगवर बोलतील, मी झाडं आणि मागचा सेटबॅक. सगळ्या लॉटना सारखा नियम लावा असंच मागणार आहे, आईबाबांच्या घराला तो नडला तर प्लॅन बदलू. बिल्डरच्या ऑफिसला खिडक्यांसाठी ईमेल केलाय, परमिटचा अर्ज अजून गेलेला नाही म्हणाले.

एकच प्रश्न राहिला, फॉर्मवर झाडाचा डायमीटर विचारलाय, तो कसा मोजायचा? मुळाशी तर खूपच फुगलेलं आहे ते.

नकाशा:
मुळाशी नाही मोजायचा. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळून घेर घ्या, इंचात, त्याला ३.१४ ने भागा. दोन्ही सीडरचे वेगवेगळे लिहा आणि टेपसकट फोटो काढून जोडा.